नारायण पेठेपर्यंत दोन कॅमेरे

हडपसरची जुनी माणसं अजूनही "पुण्याला जाऊन येते" असं सांगूनच घरातून निघतात. मीही त्या दिवशी आईला तसंच सांगून निघाले. पिशवीत माझा नऊ वर्षं वापरलेला कॅमेरा होता. शनिवार पेठेतल्या दुकानात तो देऊन, वर घसघशीत भर घालून, नवा आणायचा होता. कारण नारायण पेठेतल्या एका वधूच्या आईने माझे फोटो न बघताच फोनवर विचारलं होतं, "कॅमेरा कोणता तुमचा?" ऐकून म्हणाल्या, "साखरपुड्याला नवा आणा, मग लग्नाचं बघू." आचाऱ्याला कोणी कढई कुठल्या कंपनीची म्हणून विचारत नाही. आम्हालाच विचारतात.

मगरपट्ट्याच्या चौकात बसने अर्धा तास तपश्चर्या केली. स्वारगेटला रिक्षावाल्याला विचारलं, "शनिवार पेठ?"

"तिकडं नाही जात."

"मग कुठे जाता?"

"आत्ता कुठंच नाही."

चालत गेले. दुकानदाराने वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता नवा कॅमेरा पुढे सरकवला. "आज वापरून बघा. संध्याकाळी जुना आणून द्या, नाहीतर हा आणून द्या. दोन्ही घेऊन घरी जाऊ नका."

साखरपुडा त्याच दुपारी होता. नारायण पेठेतलं कार्यालय अंधारं होतं. तिथे नव्याने कमाल केली, हे कबूल करायलाच हवं. दिवे न लावताही शालूच्या जरीची तार न् तार दिसत होती. मग वधू आणि तिचे आजोबा फोटोसाठी बसले. आजोबा ताठ, हनुवटी वर, श्वास रोखलेला. मी दहा फोटो काढले. आजोबा तसेच.

"अहो, काढताय ना?"

"काढले आजोबा, दहा काढले."

"आवाज कुठे आला?"

नवा कॅमेरा मुका होता. माझं तर सगळं काम खटक्यावर (फोटो काढताना होणाऱ्या आवाजावर) चालतं. पहिला खटका ऐकला की माणसं सुटतात, खांदे खाली येतात, कोणीतरी हसतं. खरा फोटो त्यानंतरचा, तो मी गुपचूप काढते. आता आवाज सुरू करायची सोय शोधत मी कॅमेऱ्यातल्या याद्यांमागून याद्या चाळल्या. सापडली ती एक मरतुकडी टिकटिक, आणि तीही सनईत बुडाली. इतके पैसे मोजायचे आणि खटकासुद्धा मिळू नये! माझं डोकंच फिरलं. पिशवीतून जुना काढला.

खटाक्!

"झाला एकदाचा!" म्हणत आजोबांनी हसून श्वास सोडला आणि नातीचा सुटलेला गजरा नीट करायला हात वर नेला. तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. दुसरा खटका कोणाच्या लक्षातही आला नाही.

वधूच्या आईने तो फोटो बराच वेळ पाहिला. "बाबा असे हसलेले किती दिवसांत पाहिले नव्हते," म्हणाल्या. डोळे पुसले. मग माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "लग्नाचं काम तुम्हालाच. पण नवाच आणा हं. व्याह्यांकडची माणसं बघतात."

मी रागारागाने चार जिलब्या खाल्ल्या. मठ्ठा मात्र फर्मास होता.

संध्याकाळी पुन्हा शनिवार पेठ. मी नवा कॅमेरा टेबलावर ठेवला.

"आवडला नाही?"

"कॅमेरा चांगलाय. विकत नाही घेत. लग्नाच्या दिवशी भाड्याने द्याल?"

"वापरायला?"

"गळ्यात घालायला."

दुकानदाराने पहिल्यांदाच वर्तमानपत्र खाली ठेवलं. "असली गिऱ्हाइकं आजकाल फार येतात," म्हणाला आणि पावती फाडली.

परतीच्या बसमध्ये उभ्याने विचार करत होते. उद्या खरंच अंधाऱ्या कार्यालयांचीच कामं आली, तर मलाही नवा घ्यावा लागेल. पण तो माझ्या कामासाठी असेल, व्याह्यांसाठी नाही.

घरी आई दारातच उभी. "आणलास का नवा?"

"बस, दाखवते."

ती खुर्चीत बसली. पदर सावरला, ओठ घट्ट मिटले. मी जुना डोळ्याला लावला. खटाक्.

"अगं, हा तर जुनाच!" म्हणत ती खळखळून हसली. तेवढ्यात मी दुसरा काढला.