मी दिलेला नंबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवासमोर बसायचे तेव्हासुद्धा दुसऱ्याच कसल्या कसल्या चुकांची माफी मागायचे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ज्यांना ऐकायचा हक्क होता ते आता नाहीत. म्हणजे बघा — इथेही मी सोय पाहूनच बोलते आहे.

माझे सासरे, अप्पा, स्टेशनमास्तर होते. सगळी नोकरी देशावर, मिरजेच्या बाजूला. आपल्या गावाला रेल्वे नाही ही त्यांची जन्माची बोच. ती आली अठ्ठ्याण्णव साली, अप्पा निवृत्त होऊन रत्नागिरीला परतल्यावर चार वर्षांनी. ते एकदा नव्या स्टेशनावर जाऊन तासभर बसून आले. मी विचारलं, कसं आहे? "चांगलं आहे," म्हणाले. "मला तिथे काही काम नाही."

घरात आम्ही दोघंच. सासूबाई आधीच गेल्या होत्या, मूल आम्हाला नव्हतं, आणि सुहास, माझा नवरा, नोकरीला मुंबईत. धाकटा दीर बोटीवर होता. तो परदेशातून लहानशा आगगाड्या आणायचा — खेळण्यातल्या नव्हेत, खऱ्याबरहुकूम. ही हौस मुळात सुहासची, पण खोकी माळ्यावर पडून होती. त्या वर्षी अप्पांनी ती खाली काढली.

पडवीत एक लांब टेबल, मधल्या खोलीत दुसरं, आणि दोन्हींमध्ये उंबऱ्यावरून टाकलेली फळी. तिच्यावरून एकच रूळ. पडवीतलं स्टेशन पावस, ते अप्पांचं. मधल्या खोलीतलं पोफळी, ते माझं. "जिथे रेल्वे कधी जायची नाही तिथे आपण नेऊया," असं म्हणून हसले होते.

पहिल्या दिवशी मी काय केलं? कळ पूर्ण फिरवली आणि गाडी भन्नाट सोडली. अप्पांनी वीजच बंद केली. "पळवायची नाही गो. चालवायची." मग शिकवायला बसले. गाडी सुटताना डबे एकेक करून ताणले जातात, तेवढा वेळ द्यायचा. मालगाडीचे डबे तोडायचे, म्हणजे सुटे करायचे, तर गार्ड मागून चालत येणार, त्याला यायला वेळ द्यायचा. कुठला गार्ड? तिथे कुणीच नव्हतं. पण आम्ही थांबायचो.

आणि लाइन क्लिअर. रूळ एकच, मध्ये भिंत, मला पावस दिसत नाही, त्यांना पोफळी दिसत नाही. म्हणून गाडी सोडण्याआधी फोनवर विचारायचं — त्यांनी दोन जुने फोन तारेने जोडले होते. समोरच्याने रूळ मोकळा असल्याची खात्री करून एक नंबर द्यायचा. तो दोघांनीही आपापल्या रजिस्टरात लिहायचा. नंबर दिला की रूळ त्या गाडीचा. मग आपल्याकडून काही सोडायचं नाही, घर पेटलं तरी. "नंबर म्हणजे शब्द," ते म्हणायचे. नोकरीभर त्यांचा एकही नंबर चुकला नव्हता. हे ते मिरवायचे नाहीत, पण मला एकदा सांगितलं होतं.

मला ते आवडायचं. लपवत नाही. तोवर कुणी मला इतक्या गंभीरपणे काही शिकवलं नव्हतं. दुपारची भांडी आवरली की मी पोफळीची मास्तर. तीन वर्षं आम्ही अशा गाड्या चालवल्या.

मग एका मे महिन्यात सुहास रजेवर आला. बरोबर त्याचे साहेब आणि त्यांची बायको, आंबे खायला. जेवणानंतर सुहास सगळ्यांना गाड्या दाखवणार होता, म्हणून मी पुढे जाऊन मधल्या खोलीत बसले. माझ्या स्टेशनात काळं वाफेचं इंजिन उभं होतं — दिराने जर्मनीहून आणलेलं, सुहासचा जीव की प्राण. तेवढ्यात फोन वाजला. अप्पांनी मालगाडीसाठी लाइन क्लिअर मागितली. मी दिली. सत्तेचाळीस. लगेच सुहास पाहुण्यांना घेऊन आत आला, साहेबांची बायको काही विचारू लागली, म्हणून रजिस्टरात लिहायचं राहिलं.

मालगाडी अप्पांच्या पद्धतीने येणार, म्हणजे सावकाश. पाहुणे उभे. सुहास म्हणाला, "अगं, चालव ना काहीतरी." आणि मी — मला काय झालं होतं? विसरले म्हणू? विसरले नव्हते. वाटलं, थोडं पुढे नेऊन मागे घेता येईल. वाटलं, साहेबांनी बघावं की या घरातली बाई काय करू शकते. मी इंजिन सोडलं.

उंबऱ्यावरच दोन्ही गाड्या भिडल्या. इंजिन फळीवरून फरशीवर पडलं आणि त्याची पुढची चाकं निखळून कपाटाखाली गेली.

सुहास पाहुण्यांसमोर ओरडत नाही. त्याचा आवाज बारीक होतो. "कुणाची चूक?" त्याने विचारलं. तो आवाज मला माहीत होता. पाहुणे गेल्यावर पुढचे चार दिवस कसे जातील, तेही माहीत होतं.

मी म्हणाले, "अप्पांनी न विचारताच गाडी सोडली."

अप्पा पडवीतून आले. हातात रजिस्टर. "विचारलं होतं. नंबर घेतला. हा बघ, सत्तेचाळीस."

मी माझं रजिस्टर पुढे केलं. तिथे काहीच नव्हतं. "मी नंबर दिलाच नाही, अप्पा. तुम्ही मनानेच लिहिलात."

ते स्वतःच्या अक्षराकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणी लिहिलं असावं तसं. मग म्हणाले, "असेल. मनाने लिहिलं असेल."

साहेब म्हणाले, वय झालं की व्हायचंच. विषय संपला.

पण संपला कुठे? अप्पांनी त्यानंतर गाडीला हात लावला नाही. आधी मला वाटलं, रागावलेत. रागावले असते तर बरं होतं. ते घाबरले होते. जेवून उठले की विचारायचे, "मी गोळी घेतली ना गो?" खऱ्या पावसला आमची थोडी आंब्याची कलमं आहेत, तिथे ते आठवड्याला एकटे एसटीने जायचे. ते बंद केलं. "भलत्याच गाडीत बसेन," म्हणाले. कपाटाच्या किल्ल्या स्वतःहून माझ्या हातात दिल्या. सुहासने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दहा प्रश्न विचारले, दहाही उत्तरं बरोबर आली. काही झालेलं नाही, म्हणाले. अप्पांना पटलं नाही. "त्यांना काय माहीत, मी न मिळालेला नंबर लिहिला ते."

तेव्हा सांगता आलं असतं. इंजिन कधीच दुरुस्त होऊन आलं होतं, सुहास मुंबईला गेला होता. भीती कसली उरली होती? सांगितलं नाही. आणि खरं सांगू — मला सोयीचं झालं होतं. किल्ल्या माझ्याकडे होत्या. घरात काय आणायचं, कलमं कराराने कुणाला द्यायची, मी ठरवत होते. मला विचारल्याशिवाय अप्पा कुठे जात नव्हते. पडवी मोकळी करून मी तिथे शिवणाचे क्लास सुरू केले.

दोनेक वर्षांनी एका दुपारी मी भाजी निवडत होते. अप्पा समोर येऊन बसले. म्हणाले, "सुनंदा, एक विचारतो. रागावू नकोस. तेव्हा तू नंबर खरंच दिला नव्हतास?"

घरात तिसरं कुणी नव्हतं. मी फक्त "दिला होता" म्हणायचं होतं. ते मला एक शब्द बोलले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती. ती मला स्पष्ट दिसली.

मी म्हणाले, "नाही, अप्पा."

"बरं," म्हणाले. जाताना निवडलेल्या भाजीची परात उचलून स्वयंपाकघरात ठेवून गेले.

पहिल्यांदा मी घाबरून खोटं बोलले. दुसऱ्यांदा भाजी निवडता निवडता, पूर्ण शुद्धीत.

पुढच्या वर्षी ते गेले. हृदयाचं निमित्त झालं. दिवसांना आलेल्या बायका म्हणाल्या, सुनेने फार केलं म्हाताऱ्याचं, मुलीने केलं नसतं एवढं. मी मान खाली घातली. त्यांना तो माझा चांगुलपणा वाटला, आणि मी वाटू दिला. सुहास अजूनही सांगतो की अप्पांची स्मृती शेवटी गेली होती. मी शेजारी बसून ऐकते.

त्यांचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम होतं. हे फक्त मला माहीत होतं.