सात सीटांची अब्रू

आमच्या दारात पांढरी सातसीटर गाडी होती, तोवर सांगवीतल्या कुठल्याही लग्नाची बातमी आम्हाला पत्रिकेआधी कळायची. फोन यायचा. पलीकडचा माणूस तब्येत विचारायचा नाही, ऊस कधी तुटतोय हेही विचारायचा नाही. ‘गाडी हाय का?’ एवढंच. माझा नवरा ‘न्हाय’ हा शब्द फक्त माझ्याशी बोलताना वापरतो, त्यामुळे गाडी जायची.

त्या गाडीतून नवऱ्या गेल्या, दहाव्याला निघालेल्या बायका गेल्या, एकदा बँजोवाल्यांचा अख्खा संच गेला. एका निवडणुकीत तिनं सकाळी एका पॅनेलचा प्रचार केला आणि संध्याकाळी दुसऱ्याचा. एकदा तिच्यातून बोकडही गेला. नेताना पाहुण्यांनी ‘चारच माणसं हायत’ असं सांगितलं होतं. मागच्या सीटला पुढे बरेच दिवस जो वास येत होता, तो माणसांचा नव्हता.

मी बारामतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. मुलगी बंगळूरला, मुलगा पुण्यात. सासरे गेल्यावर घरात मी, नवरा आणि सासूबाई उरलो. तीन माणसांना सात सीटा, म्हणजे प्रत्येकी दोन आणि एक पिशव्या ठेवायला. रोज सकाळी मी एकटी ते धूड घेऊन बारामतीला जायचे. कॉलेजच्या पार्किंगमध्ये ते लावणं म्हणजे न्हाणीत म्हैस घालणं. पुढून बसली की मागून बाहेर राहायची.

आणि दुसरी गोष्ट अशी, की मला पळणारी गाडी आवडते. कोऱ्हाळ्याला माहेरी मी गाडी शिकले ती ट्रॅक्टरवर, आणि तेव्हापासून ट्रॅक्टरपेक्षा जोरात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे माझं लक्ष असतं. पण हे आमच्याकडे उघडपणे बोलायची सोय नाही. बाईला सोन्याची आवड असावी, साडीची असावी, गेला बाजार भिशीची असावी. तिला पिकअपची आवड आहे म्हटलं की लोक आधी तिच्या नवऱ्याकडे बघतात.

परीक्षेच्या कामासाठी इंदापूरला गेले होते, तेव्हा एका चष्म्याच्या दुकानासमोर ती उभी दिसली. लाल, बुटकी, रुंद टायरांची, मागे दोन सायलेन्सर. काचेवर ‘विकणे आहे’ अशी चिठ्ठी. मी सरळ दुकानात शिरले. काउंटरवर तिशीतला, दाढी नीट कोरलेला दुकानदार होता.

‘या मॅडम. नंबर तपासायचाय?’

‘नाही. बाहेरची लाल गाडी बघायचीय.’

‘मुलासाठी?’

‘माझ्यासाठी.’

त्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझ्याकडे पुन्हा बघितलं. मग म्हणाला, ‘ट्रायलला साहेब येतील ना?’

‘येतील. पण मागे बसतील.’

गाडी का विकताय, असं विचारल्यावर त्यानं उसासा टाकला. ‘जुळं झालं, मॅडम. मागं दोन पोरांच्या खुर्च्या बसवल्या की बायकोला जागाच उरत न्हाय. ती म्हणाली, गाडी ठेव न्हायतर मला ठेव.’

‘मग?’

‘दोन दिवस विचार केला,’ तो म्हणाला.

पुढच्या रविवारी नवऱ्याला ओढून इंदापूरला नेलं. माझा नवरा सहा फुटी आहे. तो मागच्या सीटवर बसला म्हणण्यापेक्षा त्याची घडी घातली म्हणावं लागेल. दुकानदार माझ्या शेजारी. हायवेला लागून भिगवणच्या दिशेनं निघालो. हंगाम चालू होता. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता, त्यावर स्पीकर इतका मोठ्यानं लावलेला की मागचा हॉर्न त्याला प्रलयापर्यंत ऐकू आला नसता. रस्ता मोकळा बघितला, तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला.

क्षणभर काही झालं नाही. मग एकदम पाठ सीटला चिकटली, ट्रॅक्टर आरशात गेला आणि शेजारून दुकानदार ओरडला, ‘टर्बो लागला, मॅडम!’ मागून नवऱ्यानं आमच्या कुलदैवताचं नाव घेतलं. मी आरशात बघितलं, तर तो दोन्ही हातांनी पुढची सीट धरून हसत होता.

‘पिकअप हाय,’ तो म्हणाला.

भिगवणला चिलापी मासे खायला थांबलो आणि ताट समोर येताच त्याचं हसू ओसरलं. शंका सुरू झाल्या.

‘खताची पोती कशातनं आणायची?’

‘ट्रॅक्टर कशाला आहे?’

‘पाहुणे आल्यावर?’

‘त्यांच्या गाडीनं येतील.’

‘लोक काय म्हणतील?’

मी त्याच्या ताटातला उरलेला तुकडा उचलून खाल्ला. दुकानदार मान खाली घालून काटे वेगळे करत होता. नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये एवढं तो जुळ्यांच्या बापाला शोभेल असं शिकलेला होता.

घरी सासूबाईंना विचारलं. त्यांनी एकच गोष्ट विचारली. ‘मला फुडं बसवणार का मागं?’

‘पुढं.’

‘मग घ्या.’

मोठ्या गाडीत त्यांना चढायला पाट लागायचा, आणि चढल्यावर मधल्या रांगेत बायकांच्या गर्दीत बसावं लागायचं. समोरचा रस्ता त्यांनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अंबाड्यांमधून बघितला होता.

म्हणजे जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात थोरले दीर आणि जाऊबाई आले. त्यांचं घर आमच्याच आवारात, मध्ये फक्त एक चिंच. तरी त्या दिवशी दोघं पाहुण्यांसारखे ओळीनं येऊन खुर्चीत बसले, तेव्हाच मला वाटलं की काहीतरी आहे.

‘गाडी विकताय म्हणं,’ दीर म्हणाले.

‘बदलतोय, भावजी.’

‘लगीन हुईस्तोवर थांबा.’

लग्न त्यांच्या मुलाचं. पोरगं गुणी, दूध डेअरीत सुपरवायझर. इंदापूर तालुक्यातल्या एका गावी मुलगी बघायला तो आमची सातसीटर घेऊन गेला होता. मुलीच्या वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली आणि विचारलं, ‘घरची का?’ हा म्हणाला, ‘घरचीच.’ त्यानंतर मुलीकडच्यांनी पगार विचारला नाही, रान किती ते विचारलं नाही, पत्रिकाही फारशी बघितली नाही. पसंती कळवली.

‘खोटं कुठं बोलला?’ जाऊबाई म्हणाल्या. ‘चुलत्याची म्हंजे घरचीच की. येत्या रविवारी ते घर बघायला येणार हायत. गाडी दारात न्हाय दिसली तर सोयरीक मोडंल.’

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं आणि ‘थांबू की’ म्हणाला. म्हणजे एका पोराचं लग्न आमच्या सात सीटांवर उभं होतं आणि मला त्या विकायची परवानगी नव्हती. मी दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाही. त्याचा कुणावर काही परिणाम झाला नाही.

रविवारी मुलीकडचे आले. त्यांचीही गाडी मोठी, काळी, आमच्यापेक्षा हातभर लांब. जाऊबाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आमची पांढरी धुऊन पुसून चिंचेखाली अशी उभी केली होती की फाटकातून येणाऱ्याला दुसरं काही दिसूच नये. पोहे फिरले, चहा झाला. आणि नेमका तेव्हाच दोन सायलेन्सरांचा आवाज करत चष्मेवाला आवारात शिरला. त्याच्याकडे पुण्याचं दुसरं गिऱ्हाईक आलं होतं आणि मी फोन उचलत नव्हते, म्हणून तो गाडी घेऊनच आला.

सगळे बाहेर आले. लाल गाडी बघून नवरी मुलगी ओट्यावरून खाली उतरली. बारीक चणीची, पतसंस्थेत नोकरी करणारी.

‘मॅडम, एक चक्कर मारू या?’ ती मला म्हणाली.

जाऊबाईंनी डोळे मोठे केले. मी किल्ली घेतली. कालव्याच्या कडेच्या रस्त्याला लागल्यावर ती आरामात मागे टेकली आणि म्हणाली, ‘ती पांढरी तुमची ना?’

माझा पाय ब्रेकवर गेला. ‘तुला कुणी सांगितलं?’

‘मी तुमच्याच कॉलेजला होते, कॉमर्सला. तुम्ही रोज दोन जागा अडवून लावायचात. आम्ही स्कूटीवाल्या तुम्हाला लई शिव्या द्यायचो.’

‘मग घरी बोलली नाहीस?’

‘अण्णांना गाडी आवडली, मला मुलगा आवडला. दोघांचं जमत होतं, मध्ये कशाला बोलायचं?’ ती थोडी थांबली. ‘आणि आज आम्ही आलो ती काळी मामाची हाय. ड्रायव्हर म्हणून बसलाय तोच मामा.’

मला गाडी बाजूला घ्यावी लागली. दोघी इतक्या हसलो की रस्त्यानं शेळ्या घेऊन चाललेली म्हातारी थांबून आमच्याकडे बघत राहिली. मग ती मुलगी म्हणाली, ‘मला मोठ्या गाडीत मळमळतं. येतानाच दोनदा थांबावं लागलं. ही चालवून बघू?’

तिनं चालवली, आणि माझ्यापेक्षा जोरात चालवली. पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडी खालून अशी खरवडली की माझ्या दाढा शिवशिवल्या. ‘सॉरी, सॉरी,’ म्हणत तिनं पुढच्या स्पीडब्रेकरलाही तेच केलं.

परत आलो तर आवारात चहाची दुसरी फेरी चालू होती. आमच्या हातात कप आले आणि तिच्या वडिलांनी विचारलं, ‘कशी वाटली?’

‘भारी हाय, अण्णा. मॅडम ती मोठी देऊन ही घेतायत.’

आवारात कपबशा वाजायच्या थांबल्या. दीर चिंचेच्या शेंड्याकडे बघू लागले. आमच्या पुतण्याचे कान लाल झाले होते, पण तो पुढे आला. म्हणाला, ‘मोठी गाडी काका-काकींची हाय. घरची म्हणलो खरं, पण माझी स्वतःची फक्त मोटारसायकल हाय.’

मुलीच्या वडिलांची नजर पुतण्यावरून फाटकाकडे गेली, तिथल्या काळ्या गाडीवर जरा थांबली, आणि आत बसलेल्या माणसाशी भेट होण्याआधीच परत आली. मग ते घाईघाईनं म्हणाले, ‘गाडीचं काय घेऊन बसलात, पावनं! माणसं बघायची असत्यात.’

मुलगी कपात बघत होती. मीही कपात बघितलं. जाऊबाई अजून सगळ्यांना सांगतात की आपला व्याही फार मोठ्या मनाचा आहे. मी मान डोलावते.

या सगळ्यात चष्मेवाला मात्र चिंचेखाली पोचला होता. त्यानं पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडून सीटा पुढे-मागे करून बघितल्या, मधल्या रांगेत स्वतः जाऊन बसला, आणि तिथूनच हाक मारली, ‘मॅडम, ही कुणाला देणार हाय? माझी दोन्ही पोरं आन् बायको बसून वर सासूला पण जागा उरती!’

मग व्यापाऱ्याकडे जायची गरजच राहिली नाही. वरखाली काय द्यायचं-घ्यायचं ते नवऱ्यानं आणि त्यानं चिंचेखाली उभ्यानंच ठरवलं. गाडी द्यायच्या दिवशी आम्ही ती रिकामी केली. सीटांखाली अक्षता निघाल्या, लिमलेटच्या गोळ्या, एका बाळाचं टोपडं, प्रचाराची दोन रंगांची उपरणी आणि एक कवळी. कवळीचा मालक अजून सापडलेला नाही. नवरा रिकाम्या गाडीत स्टिअरिंग धरून जरा बसला. त्याच्या वडिलांना दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं ते याच गाडीतून. त्यानं काच वर केली, उतरला आणि किल्ली देऊन टाकली.

लाल गाडी आल्यावर गावानं सहानुभूती सुरू केली. आमचं काहीतरी बिनसलंय अशी खात्री पटून लोक संध्याकाळचे येऊन बसू लागले. एका लांबच्या मावशीनं माझा हात हातात घेतला आणि ‘दिवस काय सारखे ऱ्हात्यात व्हय?’ असं म्हणून डोळे पुसले. मी काय सांगणार? मी पण पुसले.

तोटेही आहेत. माझी कंबर दुखते. स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी काढावी लागते, आणि बारामती ते सांगवी रस्त्यावर सरळ चालवायला मिळतं त्यापेक्षा तिरकंच जास्त चालवते. पुतण्याच्या लग्नात वऱ्हाडासाठी गाड्या भाड्यानं आणाव्या लागल्या. नवरदेवानं हट्टानं आमच्याच गाडीतून जायचं ठरवलं, पण फेटा छताला लागत होता म्हणून तो कार्यालयापर्यंत मान वाकडी करून गेला आणि फोटोत थोडा रुसल्यासारखा आलाय. सासूबाई आत सहज बसतात, बाहेर मात्र दोघांनी ओढावं लागतं.

गेल्या महिन्यात त्यांना डोळे दाखवायला इंदापूरला नेत होते. पुढे रस्ता रिकामा होता. मी पाय दाबला, आणि वळण संपताच हवालदारानं हात केला. तो रुबाबात चालत आला, वाकला, आणि आत एक पिकल्या केसांची मास्तरीण आणि तिची नऊवारीतली सासू बघून जरा गडबडला.

‘मुलाची गाडी वाटतं?’ त्यानं सासूबाईंना विचारलं.

‘हिचीच हाय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पोरगं पुण्यात सायकल चालवतंय.’