चौथं वल्हं

रस्त्यावर डांबर तापायला लागलं की मला आमच्या कॉलेजची नाव आठवते. बहात्तरच्या दुष्काळानंतर कारंजा गावाजवळचा तलाव भरला आणि आमचा नौकानयन संघ पुन्हा उभा राहिला. क्रिकेटवाल्यांना नवे बूट मिळाले, आम्हाला गळकी नाव. तिच्या फटींत डांबर मीच भरलं. सरावात चौथं वल्हं माझं, आणि तालासाठी आकडे मोजणारा आवाजही माझाच. कप्तान जिवलग मित्र. समतेच्या मोर्च्यात फलकाचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. विद्यापीठाच्या शर्यतीच्या सकाळी त्यानं माझं वल्हं दुसऱ्याला दिलं. "काहून बे?" मी विचारलं. खाली पाहत तो म्हणाला, "घरचे पाहाले आले ना राजा. बुद्धवाड्यातला पोरगा माह्या नावेत दिसला तं बाबा मले घरात घेनार नाई. तू काठावरून मोज, तुह्या आवाजावरच तं आमी वल्हवतो." मी ठरवलं, तोंड उघडायचं नाही. नाव सुटली, वल्ही एकमेकांवर आपटली, लोक हसले, आणि माझ्याच गळ्यातून निघालं, "एक, दोन!" ते जिंकले. आज मी समतेची पत्रकं वाटतो. सरळ सांगतो, त्याला मी माफ केलेलं नाही, आणि त्याला जिंकवणाऱ्या माझ्या गळ्यालाही नाही.