वनितेला चाकावर बसवायला अष्टमीला गेले

आमच्या कुंभारांत चाकावर बाप्यानं बसायचं. बायकांनी माती तुडवायची नि थापीनं मडकं ठोकायचं. रोह्याजवळच्या अष्टमी गावात माझा धाकटा दीर ऱ्हातो. त्याची सून, वनिता, फोनवर म्हणाली, "काकी, मला चाक शिकायचंय. पन मामंजी उद्या ते रिसॉर्टवाल्याला देतायत, शोभेला." मी पेणहून सकाळची मेमू पकडली.

जाणार असाल तर वेळ बघून निघा, गाड्या मोजक्याच हायत. निडी स्टेशन गेलं की पिशव्या उचला, पुढचं रोहाच. रिक्षावाल्यानं ऐंशी सांगितले. म्हटलं, "बाबा, रिक्षा विकत नकोय." साठवर आला.

दारातच भावोजी. "वहिनी, चाक बघायला आलात?"

"तुमचं तोंड बघायला. आधी पाणी द्या."

माठाचं पाणी गारेगार. "दादाच्या हातचा शेवटचा माठ," भावोजी नेहमीसारखे म्हणाले. "बाईच्या हाताला असा गोल यायचा नाय."

आता बोलावंच लागलं. ह्यांनीच, म्हणजे भावोजींच्या दादानं, मला चाक शिकवलेलं, भर दुपारी, आतनं कडी घालून. शेजारणींना वाटायचं भलतंच! हे गेले चार वर्षांमागं. माठ मी केला मागच्या शिमग्याला. भावोजी भावासाठी झुरत होते, म्हणून ह्यांचं नाव सांगून दिला.

"भावोजी, तो माठ माझा हाय. ह्यांचा नाय."

ते माठाच्या गळ्यावरनं नुसतं बोट फिरवत राहिले. जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सगळं चवीचं. पन मी अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवली. त्यांच्याकडं भावाचं उरलेलं तेवढंच, तेबी मीच काढून घेतलं.

जेवून ते उठले. चाकाच्या खुंटीला तेल घातलं नि पडवीत पाठ करून बसले. "बस गो वनिता. मी बघत नाय."

वनिता बसली. म्हटलं, "माती नवऱ्यासारखी धर. ढिली सोडलीस तर पळेल, आवळलीस तर वाकडी होईल." पहिलं मडकं खचलं, दुसरंबी. तिसरं उभं राहिलं. कपाळापर्यंत चिखल नि पोरीच्या तोंडावर हे एवढं हसू! माझेबी हात शिवशिवले.

तेवढ्यात पडवीतनं आवाज, "दोरा ओला कर आधी, नायतर कापताना बूड फाटंल!"

दोघी खो खो हसलो.

सांजच्या गाडीनं पेणला आले. भाकरी थापताना नखातली माती दिसली, मुद्दाम काढली नाय. आठ दिवसांनी वनितेचा फोन. "काकी, चाक हितंच हाय. मामंजी रोज पाठ करून बसतात नि चुका काढतात. पन पाहुण्यांना अजून सांगतात, माठ दादाच्या हातचा."

"सांगू दे गो," मी म्हटलं. "माझा हात ह्यांनीच वळवला व्हता."