खाडीपलीकडची वाडी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

ऐंशीनंतरची गोष्ट. रत्नागिरीत मी प्रोबेशन अधिकारी होतो. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाच्या घरी जायचं, घरचे-शेजारचे त्याची हमी घेतात का ते बघायचं, कोर्टाला सांगायचं. हमी मिळाली तर माणूस तुरुंगाऐवजी घरी. एवढंच माझं काम — आणि तेवढंच मी केलं नाही.

सदा नावाचा खलाशी. मालकाचं जाळं चोरून विकताना पकडला गेला. घरी एकटी आई. पूर्णगडाला एसटीतून उतरलो. पुढं त्याच्या वाडीला जायला होडीनं खाडी ओलांडायची होती. मी घाटावरचा, पोहता येत नाही. होडी डुचमळत होती आणि माझा पाय काही उचलेना. भीती वाटते, असं होडीवाल्याला कसं सांगणार — सरकारी साहेब ना मी? नंतर येतो म्हणालो आणि परतीच्या गाडीत बसलो.

कोर्टात विचारलं तेव्हा जाऊन आलो म्हणालो. वाडीत कुणी हमी घ्यायला तयार नाही, असंही म्हणालो. न अडखळता! सदाला सजा झाली.

मग वाडीचा एक म्हातारा ऑफिसात आला. सदाच्या आईसकट सगळे त्या दिवशी हमी द्यायला पलीकडच्या धक्क्यावर माझी वाट बघत बसले होते, म्हणाला. निकाल कोर्टाचा असतो, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं.

इथवर भित्रेपणा म्हणा. पुढचं — पुढच्याला काय म्हणायचं?

तुरुंगात नव्या कैद्यांना भेटणंही माझ्याकडंच होतं. नवा कैदी लगेच ओळखू येतो. ताट पुढ्यात तसंच, दार वाजलं की उठून उभा. घरून कुणीतरी येईल, या आशेवर तो सुरुवातीचे दिवस काढतो. हे मला चांगलं माहीत होतं. सदा मला बघून उठला.

"सायब, माजी आयपण हमीला नाय बोलली?"

खरं सांगितलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मी होकारार्थी मान हलवली.

आई भेटायला आली, तेव्हा तो बाहेर आलाच नाही. ती मला विचारत राहिली, माझा सदा असा का करतो? मी म्हटलं, नवे कैदी असंच करतात.

सुटल्यावर तो वाडीत गेला नाही.