पणजोबांची मापकाठी

माझे पणजोबा गलबतावर तांडेल होते. मलबारपासून मस्कतपर्यंत त्यांनी माल नेला. एकदा वादळात गलबताच्या फळ्या उकलल्या, तीन खलाशी गेले. पणजोबा कोरगावला परतले ते पुन्हा समुद्रावर गेलेच नाहीत. उकलणार नाही अशी होडी आपणच बांधायची, असं ठरवून त्यांनी खाडीकाठी मांडव घातला. लिहिता-वाचता येत नव्हतं. एका सागवानी काठीवर त्यांनी खाचा पाडल्या आणि होडीची सगळी मापं त्या खाचांत ठेवली.

ती काठी बाबांपर्यंत आली. काही खाचा एका टोकाकडून धरायच्या, काही दुसऱ्या टोकाकडून. कुठली कुठून, हे शेजारी बसून शिकायचं. बाबा त्यासाठी दर रविवारी बोलवायचे. मी तेव्हा डिचोलीला, खनिज वाहणाऱ्या बार्जी दुरुस्त करायच्या कारखान्यात होतो. रविवारी झोपावंसं वाटायचं.

गोवा राज्य झालं त्या वर्षी एका दुपारी मी पोलादी टेपने सगळ्या खाचा एकाच टोकापासून मोजल्या, वहीत उतरवल्या आणि मोठ्या समाधानाने म्हणालो, "बाबा, सगळां लिवून घेतलंय. आता तुमी इसारलात तरी चालतला."

त्यांचा जुना सुतार हसला. तांडेलाचो पणतू शिकलो रे, म्हणाला. बाबा हसले नाहीत. त्यांनी काठी पुसून माझ्या हातात दिली.

"मगे फुडली होडी तुजी."

हिवाळ्यात हळर्णच्या एकाने रेतीसाठी होडी सांगितली. मी रजा काढली. नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाशी, फळ्या एकमेकींना मिळेनात, हात जाईल एवढी फट राहायची. दोनदा उसवून पुन्हा ठोकलं. बाबा रोज जेवायला हाक मारायला मांडवापर्यंत येत, फटीकडे बघत थोडा वेळ उभे राहत, मग "हुमण निवता" म्हणून वळत. ते मुद्दाम गप्प बसतात, असं मी बायकोला सांगितलं. ते खोटं होतं. ते उभे राहायचे ते मी विचारावं म्हणून. मी वही उलटत राहायचो.

शेवटी हळर्णच्या माणसाने दुसरीकडून होडी घेतली. बाबा आणखी दोन वर्षं जगले. आम्ही भाताबद्दल, काजूबद्दल, पेडण्याच्या बसबद्दल बोललो. होडीबद्दल नाही. एकदा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, हे मला त्या दोन वर्षांत रोज ठाऊक होतं.