टेकडीवरच्या अँटेनाबाई

अँटेनाबाई बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, डोक्यावरून पलीकडे बघत. पहिल्या भेटीत मला वाटलं, माझा अंबाडा आवडला असावा. मी तेव्हा सदुसष्टची, म्हणजे तशी अल्लडच. लगेच अंबाड्यावरून हात फिरवला. त्या म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा हो, मागचा बांबू दिसत नाहीये."

खडकीच्या कारखान्यात इंजिनिअर होत्या. निवृत्त झाल्यावर आमच्या कात्रजला राहायला आल्या. आमचा फिरायला जाणाऱ्यांचा गट टेकडीवर रोपं लावायचा आणि उन्हाळ्यात कॅनने पाणी वाहायचा. कुठल्या रोपाला पाणी घालायचं ते मी ठरवत असे, नुसतं बघून. त्यामुळे पायवाटेजवळची रोपं बुडायची आणि पलीकडच्या उतारावरची वाळायची, कारण तिथवर माझे गुडघे पोचत नसत. याला मी मोठ्या तोऱ्यात 'अनुभव' म्हणायची.

अँटेनाबाईंनी रोपांशेजारी ओल मोजणारे सेन्सर खोचले. प्रत्येक सेन्सरला बांबूवर एक खोकं, त्यावर तळहाताएवढं सोलर पॅनेल आणि बोटभर अँटेना. पलीकडच्या उतारावर मोबाइलला रेंज नाही. म्हणून प्रत्येक खोकं आपला आकडा बिनतारी शेजारच्या खोक्याला सांगे, ते त्याच्या शेजारच्याला, असं करत सगळे आकडे टेकडी उतरून बाईंच्या बाल्कनीतल्या शेवटच्या खोक्यात येत आणि तिथून आमच्या फोनवर.

"सगळ्यांशी ओळख लागत नाही," त्या म्हणत. "दोन शेजाऱ्यांशी बोलणं असलं की पुरे."

"मी कसबा पेठेत वाढले," मी म्हटलं. "तिथे हे चाललं नसतं."

मधूनच एखादं खोकं मुद्दाम बंद करायचं आणि थर्मासमधला चहा पीत बसायचं, ही त्यांची चैन. बाकीची खोकी दुसऱ्या वाटेने निरोप पोचवत. आकडे आले की बाई दगडावर बसल्या बसल्या टाळ्या वाजवत. कारखान्यात इतकी वर्षं शिस्तीत काढलेली बाई ती हीच का, असं वाटे.

एका एप्रिलमध्ये मला टेकडीच्या माथ्यावरच्या खोक्याची दया आली. बिचारं उन्हात तापतंय, म्हणून घरातलं स्टीलचं पातेलं त्यावर पालथं घातलं आणि सुतळीने बांधून टाकलं. त्या दिवशी पलीकडचा अख्खा उतार गप्प झाला. सगळे शोधत फिरले, त्यात मीही, हिरिरीने. शेवटी बाईंनी पातेलं उचललं.

"सुमनताई, आत भात लावलाय का?"

धातूच्या आड गेलं की ना ऐकू येतं ना बोलता येतं, हे तेव्हा कळलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, "चूक माझी. माथ्यावर एकटंच ठेवलं होतं." दुसऱ्या दिवशी तिथे जोडीला आणखी एक बांबू उभा राहिला.

मग मुलीने त्यांना कायमचं नागपूरला बोलावलं. मी म्हटलं, "तुम्ही गेलात की हे सगळं बंद पडणार. रोपं पुन्हा वाळणार."

"तसं झालं तर मी नेटवर्क नाही, स्वतःची मिजास उभी केली," त्या म्हणाल्या, आणि बाल्कनीतलं खोकं काढून माझ्या बाल्कनीत लावलं. मला आणि आमच्या गटातल्या कांबळे सरांना बॅटरी बदलायला, बांबू सरळ धरायला, आकडे वाचायला शिकवलं. निरोप समारंभ नको म्हणाल्या. "पाणी घाला, भाषणं नको."

त्या गेल्यावर पहिल्याच मे महिन्यात पलीकडच्या टोकाची काही खोकी बोलेनाशी झाली. मी नागपूरला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही उचलला. कांबळे सर म्हणाले, "चला, आपणच बघू." गुडघ्यांना शिव्या घालत मी त्यांच्या मागोमाग चढले. वाऱ्याने एक बांबू कलंडला होता, आणि त्याच्यापुढच्या खोक्यांना दुसरा शेजारी नव्हता. पॅनेल मातीकडे तोंड करून पडलेलं, बॅटरी संपलेली. आम्ही नवी बॅटरी घातली, बांबू ठोकला, बुडाशी दगड रचले. फोनच्या पडद्यावर एकेक आकडा उमटायला लागला आणि माजी मुख्याध्यापक कांबळे सरांनी शिट्टी वाजवली. लगेच चार कॅन तिकडे वाहिले.

संध्याकाळी बाईंचा फोन आला.

"सकाळी का नाही घेतलात?"

"मुद्दाम. काय झालं होतं?"

मी सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून.

"आता चालू आहे ना? मग मला कशाला फोन करत होतात?"

"घाबरले होते."

"आता?"

"आता नाही."

"मग आता बोलू," बाई म्हणाल्या. "जेवण झालं का तुमचं?"

खोक्यांखेरीज त्यांनी मला काही विचारलं, ते पहिल्यांदाच. आम्ही बराच वेळ बोलत बसलो. टेकडीचा विषय निघालाच नाही.